पोलिसांचं वायरलेस ऐकायचा रेडिओ घ्यायचाय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

सोलापूर : 2025 च्या सप्टेंबरअखेर सीनेला पूर आला तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या नदीकाठच्या वस्त्यांवर सगळे एकच गोष्ट विचारत होते. वरून किती पाणी सोडलंय आणि ते आपल्याकडं किती वाजता येणार? लाइट गेलेली, मोबाइलची बॅटरी लाल झालेली, ग्रुपवर एकाच वेळी दहा मेसेज, त्यातले आठ जुने. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्गच बंद पडला, तर आतल्या रस्त्यांचं काय सांगावं.

या अनुभवानंतर बऱ्याच तरुणांच्या डोक्यात एक कल्पना बसली आहे. पोलीस, तहसील, बचाव पथक हे सगळे वायरलेसवर बोलतात. ते बोलणं ऐकणारा एखादा हातातला रेडिओ घेतला, तर गावाला सगळ्यात आधी खबर मिळेल. त्यात इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. माणूस घरात बसून पोलिसांचं, अग्निशमन दलाचं बोलणं ऐकतोय, शेजारी मोठ्या अँटेनाचा सेट. खाली कोणीतरी विचारतंच, ‘हा आपल्याकडं कुठं मिळतो?’

कल्पना चुकीच्या हेतूची नाही. पण असा सेट घेऊन सोलापूर जिल्ह्यात काही ऐकू येणार नाही, आणि आलं तर ते ऐकणं गुन्हा आहे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर हजारो रुपये वाचतील. गावाला खरोखर उपयोगी पडेल असा रेडिओ त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शात येतो.

आधी ऐकू यायचं, आता का नाही?

जुन्या वायरलेसमध्ये आवाज जसाच्या तसा लहरीवर चढवून पाठवायचे. दवंडीसारखं. कोतवालानं चावडीसमोर दवंडी दिली की पाटलालाही ऐकू जाते आणि वाटेनं जाणाऱ्या परगावच्या माणसालाही. ज्याच्याकडं त्याच फ्रिक्वेन्सीचा सेट, त्याला सगळं बोलणं मोकळं. याला अ‍ॅनालॉग म्हणतात.

डिजिटलमध्ये तसं नाही. सेटमध्ये बोललं की आतली चिप त्या आवाजाचे शून्य आणि एक अशा आकड्यांत तुकडे करते आणि ते आकडे हवेत जातात. साध्या सेटवर ते पकडले तर नुसती घरघर ऐकू येते. ते आकडे पुन्हा आवाजात बदलायला त्याच पद्धतीचा सेट लागतो. या पद्धतीही एक नाहीत. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलासाठी पी-25 नावाची पद्धत चालते. युरोपात टेट्रा. कारखाने, हॉटेलं, सिक्युरिटीवाले यांच्यात डीएमआर जास्त. आपल्या देशातही 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी टेट्राचं जाळं उभारलं होतं. एका पद्धतीचा सेट दुसऱ्या पद्धतीचं बोलणं उलगडत नाही.

त्यावर आणखी एक गंमत आहे, तिला ट्रंकिंग म्हणतात. साखर कारखान्यात गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर उभे असतात तसं समजा. पूर्वी ठरलेल्या गावाची गाडी ठरलेल्या काट्यावरच जायची. आता गाडीतळावर एक माणूस बसतो आणि जो काटा मोकळा असेल तिकडं नंबराप्रमाणं गाडी धाडतो. ट्रंकिंगमध्ये बोलण्याचं तसंच होतं. एक वाक्य एका चॅनलवर, त्याचं उत्तर दुसऱ्याच चॅनलवर. कुठलं बोलणं कुठं जातंय हे एक कंट्रोल चॅनल ठरवतं. बाहेरच्या माणसानं एकच चॅनल धरून बसायचं म्हटलं तर त्याच्या हाती अर्धी अर्धी वाक्यं लागणार.

अमेरिकेत विकले जाणारे महागडे स्कॅनर हेच काम करतात. कंट्रोल चॅनल वाचतात, बोलणं ज्या चॅनलवर गेलं त्याच्यामागं धावतात आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करतात. युनिडेन कंपनीचा एसडीएस-100 हा हातातला सेट 2018 मध्ये आला तो त्यासाठीच. तिथं एकाच वेळी अनेक टॉवरवरून तेच बोलणं फेकतात. मग एकच आकडा दोन टॉवरवरून मागंपुढं पोचतो आणि साधा स्कॅनर गोंधळतो. ती अडचण हा सेट बऱ्यापैकी सोडवतो. त्याची तिथली किंमत साधारण साडेसहाशे-सातशे डॉलर, म्हणजे आपल्याकडं येईपर्यंत चांगल्या दुभत्या गाईच्या किमतीचा विचार करावा लागतो.

एवढं करूनही शेवटी कुलूप राहतंच. डिजिटल बोलण्याला सांकेतिक कुलूप लावता येतं, त्याची किल्ली फक्त खात्याच्या सेटमध्ये असते. किल्ली नसेल तर सात लाखांचा सेट असो की सातशेचा, दोन्ही सारखेच मुके. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही 2023 पासून आपलं बोलणं टप्प्याटप्प्यानं असं बंद करायला घेतलं. इंग्लंडमध्ये तर पोलिसांचं जाळं टेट्राचं, कुलूपबंद, आणि ऐकणंही बेकायदा. म्हणजे ज्या देशातले व्हिडिओ बघून आपल्याकडं सेट मागवायची घाई चाललीय, तिथंच हा छंद आकसत चाललाय.

मोबाइलवरच्या ‘पोलीस स्कॅनर’ अ‍ॅपचं काय?

ही अ‍ॅप खोटी नाहीत, पण ती जे वाटतं ते करत नाहीत. मोबाइलमध्ये पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा ट्यूनरच नसतो. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात कोणी हौशी माणूस घरचा स्कॅनर इंटरनेटला जोडून ठेवतो आणि अ‍ॅप ते बोलणं नेटवरून ऐकवतं. अ‍ॅप उघडून शिकागोचं काही ऐकू येईल, मोहोळचं नाही. आणि नेट गेलं की तेही बंद. पुरात नेमकं नेटच जातं.

संगणकाला लावायचे यूएसबी डोंगलही मिळतात, मुळात टीव्ही बघायला बनवलेले. 2012 च्या सुमारास हौशी लोकांना कळलं की त्यातून बऱ्याच लहरी वाचता येतात. शिकायला चांगली वस्तू आहे. एफएम ऐका, लहरी कशा दिसतात ते स्क्रीनवर बघा. पण कुलूपबंद बोलणं त्यालाही उघडत नाही.

कायदा काय म्हणतो

पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल, घरातल्या साध्या रेडिओलाही एकेकाळी लायसन लागायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तकावर तिकीट लावून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. त्यामुळं लोकांचा समज झाला की आता कुठलाही रेडिओ कसाही ठेवला तरी चालतं. तसं नाही. सूट मिळाली ती प्रसारण ऐकायच्या रेडिओला, म्हणजे आकाशवाणी, एफएम वगैरे. वायरलेस सेट बाळगायला परवाना हवा, ही अट 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आली आहे.

दुसऱ्याचा संदेश ऐकण्याबद्दल दूरसंचार कायदा 2023 जास्त कडक आहे. त्याचं कलम 42 हे 26 जून 2024 पासून लागू झालं. परवानगी नसताना दूरसंचार जाळ्यात शिरलं किंवा बेकायदा संदेश मध्येच पकडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘गावासाठी ऐकत होतो’ असं म्हणून यातून सुटका होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

ही गोष्ट सरकारची उगाच अडवणूक आहे असं काहींना वाटतं. जरा उलट बाजूनं बघा. पोलिसांची गाडी कुठं निघाली, नाकाबंदी कुठं लागली, तहसीलदारांचं पथक नदीपात्राकडं वळलं का, हे ऐकायचा रेडिओ बाजारात खुला मिळाला तर तो पहिल्यांदा कोण घेईल? पूरग्रस्त शेतकरी नाही. भीमा-सीनेतली वाळू रात्री उपसणारे घेतील. आज तेच लोक नाक्यानाक्यावर पोरं बसवून, चहाच्या टपरीवरून फोन करवून जी माहिती काढतात, ती त्यांना झोपल्या जागी मिळेल. अपघातात जखमी झालेल्याचं नाव, एखाद्या मुलीच्या तक्रारीचा पत्ता हेही वायरलेसवर बोललं जातं. ते गावभर व्हावं असं कोणालाच वाटणार नाही.

आणि समजा ऐकू आलंच, तर त्यातून आपल्याला हवं ते कळेल का, हाही प्रश्न आहे. वायरलेसवरचं बोलणं तुटक असतं, खात्याच्या भाषेतलं. ‘तुमच्या ओढ्याला पहाटे दोनला पाणी चढेल’ असं कोणी बोलत नाही. अर्धवट ऐकलेलं वाक्य ग्रुपवर पडतं आणि धरण फुटल्याची अफवा होऊन परत येतं.

चायना वॉकीटॉकीची भानगड

रात्रीच्या गस्तीसाठी गावोगावच्या पोरांनी वॉकीटॉकी घेतले आहेत. मध्यंतरी रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागत होती, तेव्हा तर खूपच. दोन-अडीच हजाराला जोडी, घरपोच. विकणारे ‘पोलीस बँडही लागतो’ असं हळूच सांगतात.

यातले बरेच सेट साधारण 136 ते 174 आणि 400 ते 480-520 मेगाहर्ट्झ एवढा मोठा पट्टा उघडा ठेवून येतात. पोलीस, रेल्वे, वन खातं, खासगी परवानाधारक अशा कितीतरी जणांच्या फ्रिक्वेन्सी त्यात बसतात. हे सेट नुसते ऐकत नाहीत, बोलतातही. खरा धोका तिथं आहे. पोरानं नंबर फिरवत फिरवत बटण दाबलं आणि ‘हॅलो हॅलो’ केलं, तर तो कोणाच्या तरी कामाच्या बोलण्यात घुसतो. तो क्षण एखाद्या बोटीतल्या बचाव पथकाचा असला तर काय होईल, हे सांगायला नको.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2025 च्या मे महिन्यात याच कारणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि नियमावली आणली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, सरकारी मान्यता आहे का, हे विकणाऱ्यानं स्पष्ट लिहिलंच पाहिजे असं त्यात आहे.

गावाला बिनपरवाना वापरता येईल असा एक पट्टा मात्र सरकारनं 2018 मध्ये मोकळा केला आहे, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ. कमी ताकदीचे सेट, ठरलेले चॅनल. वस्तीवरून वस्तीवर बोलायला, मळ्यातून घरी सांगायला, यात्रेत स्वयंसेवकांना चालतात. घेताना खोक्यावर किंवा जाहिरातीत दोन गोष्टी शोधा. फ्रिक्वेन्सी 446 च्या या पट्ट्यातलीच आहे का, आणि ईटीए म्हणजे उपकरणाच्या मान्यतेचा नंबर आहे का. दोन्ही नसेल तर खोकं उघडू नका.

खोक्यावर ‘10 किलोमीटर’ छापलेलं असतं. ते डोंगरावरून डोंगरावर. आपल्या सपाट रानात, उभ्या उसात, सेट कमरेला लावून फिरताना किलोमीटर-दोन किलोमीटर मिळालं तरी समाधान मानायचं. माळवदावर किंवा पाण्याच्या टाकीवर चढून बोललं तर आवाज लांब जातो. या लहरी सरळ रेषेत धावतात, वाटेत जे येईल ते त्यांना अडवतं. पोलिसांचे सेट लांब बोलतात ते त्यांच्या हातातल्या सेटमुळं नाही, उंच मनोऱ्यावर बसवलेल्या रिपीटरमुळं. तो बोलणं झेलतो आणि जास्त ताकदीनं पुढं फेकतो. गावानं परस्पर रिपीटर उभा करायचा नसतो, त्याला परवाना लागतोच.

मग घ्यायचा तरी कुठला रेडिओ?

साधा. सेलवर चालणारा, एफएम आणि मध्यम लहर असलेला.

ऐकून काहींचा हिरमोड होईल. पण पुराच्या रात्री गावात एकच वस्तू अशी असते जिला नेट लागत नाही, गावातला टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. आकाशवाणीचा मनोरा गावात नसतो, म्हणून गावची लाइट गेल्यानं तो बंद पडत नाही. प्रादेशिक बातम्यांत धरणाचा विसर्ग, हवामान खात्याचा इशारा सांगितला जातो. तो अधिकृत असतो आणि सगळ्यांना एकदमच कळतो.

दुकानात गेल्यावर बघायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत, गाणी ऐकायचा रेडिओ घेतो तसं नाही.

पहिलं म्हणजे सेल. नुसत्या यूएसबी चार्जिंगवर चालणारा सेट दिसायला छान असतो, पण चार दिवस लाइट नसेल तर तो मोबाइलसारखाच मरतो. गावच्या किराणा दुकानात मिळतात ते सेल, पेन्सिल सेल किंवा मोठे, यावर चालणारा हवा. दोन्हीवर चालत असेल तर उत्तम. सेल वर्षभर आत घालून ठेवू नका, गळतात आणि पितळी पट्ट्या खातात. सेट आणि सेल एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण वेगळे.

दुसरं, काटा फिरवायचा जुना सेट की आकडे दिसणारा? आकडेवाला स्टेशन नेमकं धरतो. काटेवाल्याला पडदा पेटवायचा नसतो, म्हणून सेल जरा जास्त पुरतो, आणि म्हाताऱ्या माणसालाही अंधारात लावता येतो. आणीबाणीसाठी काटेवाला बरा, असंच म्हणावं लागेल. खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलंय म्हणून दोनशे-चारशे जास्त देऊ नका. त्या शब्दाचा अर्थ इथं फक्त पडद्यावर आकडे दिसतात एवढाच असतो. वर सांगितलेल्या डिजिटल वायरलेसशी त्याचा काही संबंध नाही. आकाशवाणी काही ठिकाणी मध्यम लहरीवर डीआरएम नावाचं डिजिटल प्रसारणही करते, त्याला वेगळा आणि महाग सेट लागतो. तोही यासाठी लागत नाही.

काही सेटवर ‘एअर बँड’, ‘व्हीएचएफ’ असे जादा पट्टे असतात आणि त्यांचीच जाहिरात जास्त करतात. सोलापूरहून 2025 च्या जूनपासून गोव्याला विमान सुरू झालं, मग वैमानिकाचं बोलणं ऐकू म्हणून कोणी हौसेनं घेतो. त्याला वरचाच कायदा लागतो, आणि पुराशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्या पट्ट्यांचे पैसे वाचवा.

अँटेना लांब आणि सांध्यात घट्ट हवी. एफएमचं सगळं तिच्यावर असतं. मध्यम लहरीची अँटेना मात्र आत असते, काळ्या दांडीवर गुंडाळलेल्या तारेची. म्हणून मध्यम लहर लावताना बाहेरची दांडी ओढून उपयोग नाही, सगळा सेटच फिरवून बघायचा. एका दिशेला आवाज एकदम साफ होतो. एलईडी दिवा, इन्व्हर्टर, मोटारीचा स्टार्टर जवळ असेल तर मध्यम लहरीवर खरखर येणारच. सेट खराब म्हणून परत करायच्या आधी तो रानात नेऊन लावा. रात्री हीच लहर लांबून येते, मुंबई-पुण्याचीच काय, परराज्यातली स्टेशनंही लागतात.

टॉर्च असलेला सेट मिळाला तर घ्या. हँडल फिरवून चार्ज होणारे सेट जाहिरातीत चांगले वाटतात. पाच मिनिटं फिरवलं की हात दुखतो आणि थोडाच वेळ वाजतो, पण शेवटचा उपाय म्हणून वाईट नाही. वर चिकटवलेलं छोटं सोलर पॅनल पावसाळ्यात शोभेपुरतंच.

घेतल्यावर एक काम लगेच करा. गावात सगळ्यात खोलगट आणि लांबची वस्ती असेल तिथं तो नेऊन सोलापूर आकाशवाणी लागते का ते तपासा. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याच्या टोकाला एका कोपऱ्यात लागतं आणि दुसऱ्यात नाही, असं होतं. जिथं लागतं ती जागा घरच्यांना दाखवून ठेवा.

मोबाइलमध्येही एफएम असू शकतो. 2023 च्या मे महिन्यात केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मोबाइल कंपन्यांना तो बंद करून ठेवू नका असं सांगितलं होतं, कारण आपत्तीत तो उपयोगी पडतो. वायरचा इअरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. वायर लावून आवाज स्पीकरवर घेता येतो. नवीन महागड्या फोनपेक्षा साध्या बटणाच्या फोनमध्ये हे हमखास मिळतं. जुना बटणाचा फोन भंगारात द्यायच्या आधी विचार करा.

खबर कुठून येते ते रस्ते माहीत हवेत

धरणातून पाणी सोडलं की जलसंपदा खातं जिल्हा प्रशासनाला कळवतं, तिथून तहसील, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल. भीमेकाठी उजनीचा विसर्ग आणि नीरेतून येणारं वीरचं पाणी दोन्ही बघावं लागतं, कारण नीरा नरसिंहपूरजवळ ती एक होतात. सीनेकाठच्या लोकांनी उजनीकडं बघत बसून चालत नाही. तिला पाणी येतं अहिल्यानगर, धाराशिव, बीडकडच्या पावसानं, आणि सीना-कोळेगावच्या दरवाज्यातून. शेवटी हत्तरसंग कुडलला दोन्ही नद्या एकत्र येतात, तिथं तर दोन्हीकडचा हिशोब. आपल्या गावाला कुठल्या नदीचं, कुठल्या धरणाचं पाणी येतं, हे ज्याला माहीत नाही त्याला कसलाही रेडिओ दिला तरी तो चुकीची बातमी ऐकून घाबरेल किंवा निर्धास्त झोपेल.

फोनवरचे मोठ्या आवाजाचे सरकारी इशारे हा दुसरा रस्ता. 20 जुलै 2023 ला अनेकांचे फोन एकदम किंचाळले आणि लोक घाबरले, ती त्याचीच चाचणी होती. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश टाकतो, नंबर लागत नाही, नेट लागत नाही. त्या दिवशी कटकट नको म्हणून काहींनी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. ते परत चालू करा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधलं की सापडतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप मराठीतही आहे, आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’. दोन्ही फुकट. अर्थात टॉवर चालू असेपर्यंतच. त्याची बॅटरी संपली की परत सेलवरचा रेडिओ.

चोर-दरोड्याच्या रात्री मात्र रेडिओ कामाचा नाही, तिथं ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. 18002703600 या टोल फ्री नंबरवर नोंदणी केलेल्या माणसानं बोललेला निरोप त्या गावच्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी कॉल होऊन वाजतो. नोंदणी आहे का, जुने बंद नंबर काढलेत का, हे पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्यात विचारा. 112, जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेले बरे, फोनमध्ये सेव्ह केलेले नंबर फोन बंद पडला की जातात.

ज्याला खरोखरच नाद आहे त्याच्यासाठी

प्रत्येक गावात एखादा पोरगा असतो, रेडिओ खोलून बसणारा. त्याला चोरून ऐकायच्या वाटेला लावण्यापेक्षा हॅम रेडिओचं लायसन काढायला सांगा. वय बारा पूर्ण असलं की परीक्षा देता येते. साधी इलेक्ट्रॉनिक्सची माहिती आणि नियम यावर प्रश्न असतात. पास झाल्यावर केंद्राच्या दूरसंचार खात्याकडून परवाना आणि व्हीयू अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन मिळते. मग सेट राजरोस बाळगता येतो, देशात-परदेशात बोलता येतं. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीला हात लावायचा नसतो, हे त्यालाही आहेच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही लोक घराबाहेर धावले होते. तिकडं टेलिफोनच्या तारा तुटल्यावर बाहेरून आलेल्या हौशी हॅम लोकांनी आपले सेट आणि गाडीच्या बॅटऱ्या लावून निरोप पोचवायला मदत केली. कुठं औषध हवं, कुठं तंबू. ते कोणाचं बोलणं चोरून ऐकत नव्हते, स्वतः बोलत होते.

आता ज्यांनी आधीच मोठ्या पट्ट्याचा वॉकीटॉकी घेऊन ठेवला आहे, त्यांनी त्याचं बोलायचं बटण दाबू नये. बॅटरी काढून ठेवावी. बिल, खोकं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. ‘परवाना लागत नाही’ असं सांगून विकला असेल तर आधी विकणाऱ्याकडं परत करायला मागावा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवता येते. दुसऱ्या गावच्या मित्राला अर्ध्या किमतीत विकून मोकळं होण्याचा मोह होईल, तो टाळावा.